पोरीच्या कानात कोण बसलाय

लग्नकार्यात नवी ओळख झाली की लोक विचारतात, तुम्ही नोकरी कुठं करत होता? मी सांगते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मग पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे रक्त काढायचं का? एकतीस वर्षांत मी कुणाचं रक्त काढलं नाही. लोकांच्या कानातला पू, घशातला बेडका, जखमेतलं पाणी हे घेऊन मी त्यातले जंतू वाढवत होते. पंगतीत हे सांगता येत नाही, म्हणून मी "हो, तसंच काहीतरी" म्हणते आणि मठ्ठा मागते. इथं मात्र सगळं सांगणार आहे, तेव्हा फराळ आधी उरकून घ्या.

आमचं हॉस्पिटल मरोळच्या बाजूचं, धर्मादाय. नाव देत नाही, कारण पुढं जी चूक येणार आहे ती माझी आहे, इमारतीची नाही. लॅब तळमजल्यावर मागच्या बाजूला. मी घाटकोपरच्या भटवाडीतून यायचे, आधी बसनं, पुढं मेट्रो झाल्यावर मेट्रोनं, आणि आठच्या ठोक्याला पांढरा कोट चढवायचे. सगळे मला परबमॅडम म्हणायचे. माहेरी मी गिरणीकामगाराची मुलगी, त्यामुळे भोंगा वाजल्यासारखं वेळेवर कामाला लागायची सवय घरातूनच आलेली.

धंदा सांगायला सोपा आहे. जंतू एकटादुकटा डोळ्यांना दिसत नाही. पण त्याला आवडीचं जेवण दिलं आणि अंगाइतकी ऊब दिली, की सकाळपर्यंत त्याची लाखोंनी पिलावळ होते आणि प्लेटवर, म्हणजे ते जेवण थापलेल्या चपट्या डबीत, राईएवढा ठिपका उठतो. एक ठिपका म्हणजे एका जंतूचं अख्खं खानदान. तो ठिपका उचलायचा, ताज्या प्लेटवर पसरायचा, वर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, कुठल्या औषधाभोवती जंतू मेला. ते डॉक्टरांना लिहून कळवायचं. बस, एवढंच. पण यातल्या 'ठिपका उचलायचा' या तीन-चार सेकंदांच्या कामात माझा सगळा रुबाब होता, आणि तिथंच माझी वाट लागली.

कानाच्या दुखण्यातला आमचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा. नाव इन्फ्लुएंझा असलं तरी त्याचा फ्लूशी संबंध नाही. शंभरेक वर्षांपूर्वी फ्लूच्या रुग्णांच्या नाकात सापडला म्हणून बिचाऱ्यावर आळ आला, तो नावाला चिकटून राहिला. हा मुळात मुलांच्या नाकाच्या मागं राहतो आणि सर्दी झाली की तिथून कानाकडं जाणाऱ्या बारीक नळीनं पडद्यामागं शिरतो. त्याचं खाणंपिणं फार नखरेल. साधं रक्त चालत नाही, तापवलेलं लागतं, म्हणजे रक्तातल्या पेशी फुटून त्याला हवं ते बाहेर येतं. तापवलं की प्लेटचा रंग तपकिरी होतो, म्हणून आम्ही तिला चॉकलेट प्लेट म्हणतो. स्टोअरमध्ये नव्यानं आलेल्या एका बाईंनी खोक्यावरचं 'चॉकलेट' वाचून आमचं अख्खं खोकं कँटीनच्या फ्रिजमध्ये पाठवलं होतं. कँटीनवाल्यानं दोन दिवस त्यावर श्रीखंडाचे डबे रचले. नंतर त्याला खरं कळलं तेव्हा त्यानं फ्रिज तीन वेळा धुतला आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

या नखरेल पाहुण्याला हवाही वेगळी लागते. ती हवा देणारं आमचं यंत्र बंद पडलं की मी माझ्या गुरूंनी, सावंतसरांनी, शिकवलेली मेणबत्तीची बरणी काढायचे. प्लेटा बरणीत रचायच्या, वर मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. ज्योत आपोआप विझते तेव्हा आतली हवा जंतूला हवी तशी झालेली असते. एकदा दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून मी सगळ्या प्लेटा जगवल्या. खोक्याला बांगड्याचा वास होता, पण जंतूंनी तक्रार केली नाही.

माणसांचे नमुने तर विचारू नका. एक गृहस्थ दर सोमवारी कानातला मळ काड्यापेटीत घालून आणायचे, वर तारीख लिहून. त्यांच्या कानात काही नव्हतं, निवृत्तीनंतर हातात वेळ होता. एका आईनं मुलाच्या कानात लसणीचं तेल इतकं ओतलं होतं की प्लेटवर काही वाढलं नाही, पण लॅबला दिवसभर फोडणीचा वास येत होता. अशा लोकांवर मी चिडायचे, आणि घरी जाऊन त्यांच्याच गोष्टी रंगवून सांगायचे.

सावंतसरांबद्दल सांगायलाच हवं. ते आमच्या लॅबचे प्रमुख, मालवणचे. मी नवीन असताना माझ्या हातातली तार, म्हणजे ठिपका उचलायची बारीक तार, धरून त्यांनी सांगितलं होतं, "एकच ठिपको घे, पण चांगलो घे." त्याला कारण होतं. कानाच्या बाहेरच्या भागात नाना तऱ्हेचे निरुपद्रवी जंतू असतात, तेही प्लेटवर उगवतात. दोन प्रकार मिसळले तर औषधांची तपासणी फसते. म्हणून ओळखीचा गुन्हेगार शोधायचा, त्याचा एकच टपोरा, स्वच्छ ठिपका घ्यायचा, बाकीचा कचरा फेकायचा. माझ्या प्लेटा इतक्या नेटक्या असत की शिकाऊ मुलींना त्या दाखवायला आणत. पुढं सर निवृत्त होऊन गावाला गेले आणि मीच त्या मुलींना सांगू लागले, एक ठिपका, एक रिपोर्ट.

मी निवृत्त व्हायच्या दीडेक वर्ष आधी, गणपतीनंतर हिराबाई आमच्या खिडकीशी आल्या. त्या यायच्या आधी त्यांचा आवाज आला. खारदांड्याच्या कोळीण, बाजारात मासळी विकणाऱ्या. आवाज असा की मधल्या पॅसेजमधून त्यांनी विचारलं, जंतूंची बाई कुठं बसते, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी उत्तर दिलं. कडेवर नात, साडेपाच वर्षांची आर्वी. तिचा उजवा कान वाहत होता. कान-नाक-घशाचे डॉक्टर कामत यांनी कापसाच्या काडीवर कानातला पू घेतला होता आणि ती नळी कुणा दुसऱ्याच्या हाती द्यायला हिराबाई तयार नव्हत्या.

गोष्ट फक्त कानाची नव्हती. आर्वीला जूनमध्ये पहिलीत जायचं होतं. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, ही मुलगी लक्ष देत नाही, हाक मारली तर बघत नाही, बोलतेही अर्धवट, तिला नेहमीच्या शाळेत झेपणार नाही. आई पवईला ऑफिसात कामाला, बाप होडीवर, त्यामुळे हे सगळं आजीच्या अंगावर आलेलं. "पोर मंद हाय बोलली मना ती बाई," हिराबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. मी विचारलं, तिला नीट ऐकू येतं ना? त्यांनी नातीला खाली ठेवलं, ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत चार पावलं गेली, आणि मागून त्यांनी हाक मारली. "आर्वी." टेबलावरच्या काचेच्या नळ्या किणकिणल्या. आर्वी वळली आणि हसत आजीकडं आली. बघ, म्हणाल्या, चांगलं ऐकतं माझं पोर. मलाही पटलं. त्या आवाजाला भिंतही वळली असती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

प्लेटवर हिमोफिलस आला. टपोरा, चमकदार ठिपका घेतला, तपासला, साध्या अमॉक्सिसिलीननं तो छान मरत होता. तसा रिपोर्ट गेला. डॉक्टरांनी औषध दिलं, कान सुकला. दिवाळीनंतर पुन्हा वाहिला. पुन्हा काडी, पुन्हा प्लेट, पुन्हा तोच चमकदार ठिपका, पुन्हा तोच रिपोर्ट. मुलांना सर्दी होते, जंतू परत येतो, असं होतं बऱ्याचदा. मी खांदे उडवले आणि पुढची प्लेट घेतली.

त्याच सुमारास मैथिली आली. मुलुंडची मुलगी, पवईच्या एका संशोधन प्रयोगशाळेत काम करणारी. मुलांचे कान पुन्हा पुन्हा का फुटतात हे जंतूंच्या जनुकांतून शोधायचं तिचं काम, आणि त्यासाठी तिला आमच्याकडचे जंतू हवे होते. मी तिला माझे सुंदर, शुद्ध केलेले ठिपके दिले. तिनं ते बाजूला ठेवले आणि विचारलं, पहिली प्लेट आहे का? तीच, घाणेरडी. तिला त्या प्लेटवरचं सगळंच्या सगळं कापसाच्या काडीवर पुसून हवं होतं, चमकदार, फिकट, जे काय असेल ते. आईशप्पथ सांगते, मला अपमान वाटला. तीस वर्षं मी जो कचरा काढून टाकायला शिकले तोच ही बया डब्यात भरून मागत होती. मी तिला ऐकवलं, "तुला भाजी निवडलेली नको, देठं हवीत." ती हसली आणि म्हणाली, "हो मॅडम, देठंच द्या." मग मी घुश्शातच आर्वीच्या दुसऱ्या खेपेची प्लेट पुसून दिली. नळीवर नाव नाही, फक्त क्रमांक, कारण त्यांचा नियम तसा होता.

पोरगी चिवट होती. दर पंधरा दिवसांनी यायची आणि कँटीनमध्ये माझ्यासमोर डबा उघडायची. माझं जेवून झालं की मी विणकाम काढायचे. एकदा तिनं माझ्या स्वेटरकडं बघत मला तिचं शास्त्र समजावलं, आणि मला ते पहिल्यांदा नीट कळलं. या जंतूची सगळी कुंडली सुमारे अठरा लाख अक्षरांची. काही जनुकांच्या सुरुवातीला चार अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जपमाळेसारखा. जंतू स्वतःची नक्कल करताना त्या मण्यांची मोजणी चुकते, एखादा मणी वाढतो किंवा गळतो. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, त्यामुळे चार अक्षरं कमीजास्त झाली की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि ते जनुक बंद पडतं. पुढच्या एखाद्या नकलेत मोजणी परत जुळली की चालू. मी म्हटलं, म्हणजे सुरुवातीला एक टाका जास्त पडला की पुढची सगळी नक्षी सरकते, तसं. अगदी तसंच, ती म्हणाली, फक्त तुम्ही उसवता, आणि जंतूला त्या चुकीचाच फायदा होतो. कारण त्यातून त्याच्या अंगावरचं आवरण बदलतं, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांनी काल ओळखलेला चोर आज वेगळ्या कपड्यांत असतो.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती देवघेवीची. औषध तोडणारं जनुक एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, आणि दिल्यावर स्वतःचं कमी होत नाही. शेजारणीला विरजण दिलं तरी आपलं दही आपल्याकडं राहतं, तसं. म्हणून एकाच कानात एकाच जातीचे दोन जंतू असू शकतात, एकाकडं विरजण पोचलेलं आणि एकाकडं नाही. मला हे सगळं झकास वाटलं. ऐकलं, मान डोलावली, आणि लॅबमध्ये जाऊन पुन्हा एकच टपोरा ठिपका उचलला. ज्ञान डोक्यात होतं, सवय हातात होती.

फेब्रुवारीत आर्वीचा कान तिसऱ्यांदा वाहिला. रिपोर्ट घ्यायला हिराबाई बाजार आटपून थेट आल्या. कागद इंग्रजीत, म्हणून मला म्हणाल्या, वाचून दाखव. मी वाचलं, अमुक जंतू, अमुक औषधानं मरतो. त्यांनी कमरेच्या पिशवीतून आधीचे दोन कागद काढले, घड्या उलगडल्या आणि तिन्ही खिडकीच्या कट्ट्यावर एकाशेजारी एक मांडले. तिन्ही सारखे. त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या, म्हणजे साधारण माणसाइतक्या आवाजात.

"बाय, तुझ्या कागदावर तो तीनदा मेलाय. मग पोरीच्या कानात कोण बसलाय?"

मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि आत गेले. रिपोर्ट झालेल्या प्लेटा आम्ही जंतू मारायच्या मोठ्या कुकरमध्ये उकडून फेकतो. पण त्या आठवड्यात त्या कुकरची रिंग गेली होती, त्यामुळे परवाच्या प्लेटा अजून टाकाऊ बादलीत होत्या. हातमोजे घालून मी ती बादली उपसली. लॅबच्या प्रमुख बाई, निवृत्तीला वर्ष राहिलेल्या, जमिनीवर उकिडव्या बसून कचरा चिवडतायत, हे दृश्य शिकाऊ मुलींनी डोळे भरून पाहिलं.

आर्वीची प्लेट सापडली. उजेडात तिरकी धरली. चमकदार ठिपके होतेच. त्यांच्यामध्ये, त्यांच्या आडोशाला, लहान, राखाडी, अजिबात न चमकणारे ठिपके होते. मी ते पाहिले नव्हते असं नाही. तिन्ही वेळा पाहिले होते. बाहेरचा कचरा समजून सोडले होते.

आमच्याकडं एक झटपट तपासणी असते. पिवळ्या रंगाची कागदी चकती, ती थेंबभर पाण्यानं ओली करायची आणि तिच्यावर ठिपका फासायचा. जंतूकडं औषध तोडायची कात्री असेल तर चकती लाल होते. आधी चमकदार ठिपका फासला. चकती पिवळीच राहिली. मग दुसऱ्या चकतीवर राखाडी फासला आणि घड्याळाकडं बघायला मान वळवली. परत पाहिलं तेव्हा चकती लाल झालेली होती. लग्नातल्या कुंकवासारखी लाल. खात्रीसाठी मी तो कोण हेही तपासलं, तो हिमोफिलसच होता. बाहेरचा नव्हे, घरचाच.

मी पवईला मैथिलीला फोन केला आणि आर्वीच्या दुसऱ्या खेपेच्या, डिसेंबरच्या नळीचा क्रमांक सांगितला. तिनं यादी उघडली. हो मॅडम, म्हणाली, त्या नळीत दोन निघाले होते, एकाच जातीचे पण वेगळे. एकाकडं औषध तोडणारं जनुक आहे. तिच्याकडं ते दोन महिने कागदावर पडून होतं, पण तिच्यासाठी तो एक क्रमांक होता, त्यामागं पाटीवाली आजी आणि पहिलीत जाणारी नात आहे हे तिला कळायला मार्ग नव्हता. नाव माझ्याकडं होतं आणि जंतू तिच्याकडं. मग तिनं उरलेलं सांगितलं. राखाडी ठिपक्यातला जंतू औषध तोडतो, आणि ते कानातल्या सगळ्या पाण्यातूनच नाहीसं होतं, त्यामुळे शेजारचा चमकदारही वाचतो. म्हणून तो माझ्या प्लेटवर औषधानं मरत होता आणि कानात मजेत राहत होता. मी त्याला शेजाऱ्यापासून तोडून, एकटा गाठून मारत होते.

बाहेर येऊन मी हिराबाईंना खरं ते सांगितलं. दोघे जण आहेत, मी एकाचंच नाव लिहिलं, दुसरा तिन्ही वेळा फेकून दिला. मला वाटलं आता सगळं मरोळ ऐकेल. पण त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "पाटीतला वरचा मासा बगून सौदा केलास तू. खालचा बगायचा असतो." हे त्यांना धंद्याच्या पहिल्या दिवशी सासूनं शिकवलं असणार. मला एकतिसाव्या वर्षी कळलं.

सुधारित रिपोर्ट मीच लिहिला आणि त्यात 'आधीचे तीन रिपोर्ट अपुरे होते' असं स्पष्ट टाकलं. वरून विचारणा झाली, हे वाक्य लिहायलाच हवं का? मी म्हटलं, हवं. डॉक्टर कामतांनी तो कागद वाचला आणि मला रागावले नाहीत, त्यानं जास्त लागलं. त्यांनी औषध बदललं, कात्री बोथट करणारं एक औषध त्यातच जोडून दिलं. आणि आर्वीचे दोन्ही कान यंत्रावर तपासायला पाठवले. डावा कान कधी वाहिलाच नव्हता, म्हणून त्याच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्याही पडद्यामागं चिकट पाणी भरलेलं होतं. दोन्ही कानांनी पोरीला फार कमी ऐकू येत होतं, कित्येक महिन्यांपासून.

हे ऐकून हिराबाई भांबावल्या. घरात कुणाला कळलं कसं नाही? डॉक्टरांनी घरी कोण कोण असतं विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं. आजी बाजारातल्या आवाजात बोलणारी, आजोबा आणि बाप होडीवरून किनाऱ्याला हाका मारणारे, आत्या शेजारच्या गल्लीशी घरातूनच गप्पा मारणारी. त्या घरात आर्वीला सगळं ऐकू येत होतं. बालवाडीच्या बाई तेवढ्या हळू बोलायच्या. पोर मंद नव्हतं, त्याच्याशी कोळीवाड्याबाहेरचं कुणी पुरेसं मोठ्यानं बोललं नव्हतं. मला माझी ती नळ्या किणकिणवणारी परीक्षा आठवली आणि लाज वाटली. तपासणी करणं हा माझा धंदा, आणि मी आजीच्या एका हाकेवर निकाल दिला होता.

मार्चमध्ये डॉक्टरांनी दोन्ही पडद्यांत तांदळाच्या कणीएवढ्या नळ्या बसवल्या, म्हणजे आतलं पाणी साचून राहणार नाही. त्या वेळी निघालेलं पाणी माझ्याकडं आलं. मी प्लेट लावली आणि तार हातात घेऊन किती तरी वेळ नुसती बघत बसले. चमकदार नव्हता, राखाडी नव्हता. काही नव्हतं. तरी मी ती प्लेट आणखी एक दिवस ठेवली.

त्या संध्याकाळी मी मालवणला सावंतसरांना फोन लावला. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. सगळं सांगितलं, त्यांची शिकवण होती म्हणून जरा घाबरतच. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मगे इतकी वर्षां आपण कितके फेकले असतीत गो?" मला रडू आलं. तो हिशेब मीही रात्रंदिवस करत होते आणि तो लागणारा नव्हता. कितीतरी आयांना मी खांदे उडवून परत पाठवलं होतं, त्यांच्या मुलांचं काय झालं मला कधीच कळणार नाही. तेवढ्यात त्यांचाच आवाज पुन्हा आला, एकदम तरतरीत. "तो दुसरो दिसता कसो, ता सांग माका." मी अर्धा तास त्या राखाडी ठिपक्याचं वर्णन करत होते. म्हातारा एकेक गोष्ट विचारून घेत होता, कडा कशा, वास येतो का, उजेडात कसा दिसतो. फोन ठेवताना मला बरं वाटत होतं.

लॅबच्या भिंतीवर मी कागद चिकटवला, 'उचलण्याआधी सगळी प्लेट बघा.' शिकाऊ मुली म्हणाल्या, मॅडम, तुम्हीच तर एक ठिपका म्हणायच्या. मी म्हटलं, म्हणायचे, आता दोन म्हणते, पुढच्या वर्षी घरी बसणार आहे, तेव्हा काय ते आत्ताच शिकून घ्या. मैथिलीला मी देठांसकट सगळ्या प्लेटा देऊ लागले. तिच्यासाठी विणलेला स्वेटर मात्र तिनं नक्षी निरखून बघत घेतला आणि एक चुकलेला टाका शोधून दाखवला. असल्या मुलींचं भलं होतं.

जूनच्या अखेरीस, दुपारी, हिराबाई आल्या. या वेळी आवाज आधी आला नाही. मी मान वर केली तर खिडकीशी त्या उभ्या, हातात केळीच्या पानात बांधलेली पापलेटं, आणि शेजारी गणवेशातली आर्वी, पाठीवर तिच्यापेक्षा मोठं दप्तर. नेहमीची शाळा, पहिलीचा वर्ग. बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवलं होतं, आणि तिनं घरी येऊन सांगितलं होतं की वर्गात पंख्याचा आवाज येतो.

हिराबाई तक्रार घेऊन आल्या होत्या. पोरगी ऐकू लागल्यापासून घरात कुणाला बोलू देत नव्हती. आत्या बोलली की कानांवर हात, आजोबा बोलले की कानांवर हात. आणि आजीला तर काल बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, आजी, हळू बोल. चाळीस वर्षांत त्या बाजारात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगताना त्यांचं तोंड रागावलेलं होतं आणि डोळे हसत होते. एवढं बोलेपर्यंत आवाज चढलाच. आर्वीनं त्यांचा पदर ओढला. हिराबाई गप्प झाल्या, पापलेटं कट्ट्यावर ठेवली, माझ्याकडं झुकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, पण आमच्या यंत्रांच्या घरघरीत मला एक शब्द कळला नाही.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, तितक्याच हळू. मला पुन्हा ऐकू आलं नाही. मग आर्वी चवड्यांवर उभी राहिली, कट्ट्यावर हनुवटी टेकवली आणि मला नीट समजेल अशा आवाजात सांगितलं.

"आजी म्हणते, आता कानात कोण नाय."